दोन थेंब हपुषा

एकदा एक प्रश्न घेऊन मी गावभर फिरलो: तेलाचे दोन थेंब कमी पडले म्हणून माणूस मरतो का? काकू म्हणाली, "आधी जेव." भटजी म्हणाले, "तेरावा होऊ दे." उत्तर कोणीच दिले नाही.

माझ्या दादाच्या छातीत पाणी झाले होते. पाय सुजून ठणकत. डोंगरावरच्या वृद्ध वैद्यांनी हपुषा नावाच्या झुडपाच्या निळ्या फळांचे उग्र तेल दिले होते. वाटीभर कोमट तिळेलात दोनच थेंब घालून रोज चोळायचे. महिनाभर चोळले. मग एके दिवशी बैल लंगडताना दिसला आणि मी उरलेली कुपी त्याच्या खुब्यावर रिकामी केली. बैल बरा झाला की भाजला, ठाऊक नाही. कुंपण ओलांडून पळाला. दादासाठी राहिले नुसते तिळेल. "हपुषा घातलीय," असे सांगून तेच चोळले. "झकास," म्हणाला. तिसऱ्या दिवशी गेला.

शेवटी डोंगर चढून वैद्यांना मी हे सगळे सांगितले. ते ऐकून त्यांनी गुडघे धरून कण्हणाऱ्या एका जाडजूड व्यापाऱ्याकडे बोट केले आणि हळूच म्हणाले, "त्यांना नुसते तिळेल चोळ. हपुषा आहे म्हणून सांग."

मला काही उमजेना, पण बसलो चोळायला. व्यापाऱ्याने नाक वर केले. "ए पोरा, हे काय रे? हपुषेचा वास पार अंगणापर्यंत जातो!"

"घातलीय की शेठ, दोन थेंब."

"घातलीय म्हणे! सात वर्षं चोळून घेतोय मी. मला शिकवतोस?... आणि थांबलास कशाला? चोळ!"

वैद्य हसले. मग मला म्हणाले, "यांना क्षणात कळले. महिनाभर चोळून घेणाऱ्या तुझ्या दादाला कळले नसेल?"

माझे हात थबकले. "मग तो झकास का म्हणाला?"

"तू त्याच्यासाठी खोटे बोललास, तो तुझ्यासाठी. बाळ, हपुषा ठणका हलका करते. जाणाऱ्याला धरून ठेवणे तिच्या हाती नाही. दोन थेंबांनी नाही, घागरभर ओतूनही नाही."

"ते खरं," व्यापारी म्हणाला, "पण माझे दोन थेंब?"

वैद्यांनी त्याच्या वाटीत थेंब सोडले. मी पुन्हा चोळू लागलो आणि कोणालाच न सांगितलेले सांगून टाकले. शेवटच्या सकाळी दादा बोलेनासा झाला होता. तरी मी वाटी कोमट केली, टाचांपासून गुडघ्यांपर्यंत सावकाश चोळले, आणि पाय गार लागले म्हणून माझे लोकरीचे मोजे काढून त्याला घातले.