पातळ पाक

एका वृद्ध वैद्यराजांकडे एकदा त्यांचा जुना शिष्य आठ-दहा दिवस राहायला आला. तरुणपणीची सहा वर्षे त्याने याच घरात औषधे कुटत काढली होती. सोबत त्याची आठ वर्षांची मुलगी मंजू होती. चार महिन्यांपूर्वी तिची आई गेली आणि तेव्हापासून पोर बोलेनाशी झाली होती. बाप बिचारा सकाळपासून तिची समजूत घालत बसे. आई देवाघरी सुखात आहे, शहाण्या मुली असे करीत नाहीत, आणि असेच पुष्कळ. तो जितके सांगे, तितकी ती अंग चोरून घेई.

दिवस आवळ्यांचे होते. जुन्या सवयीने शिष्याने मोरावळा करायला घेतला. घाईत त्याने आवळे वाफवून, टोचून एकदम दाट पाकात सोडले. दुसऱ्या दिवशी पाहतो तो आवळे सुरकुतून सुपारीएवढे झालेले. वैद्यराजांनी बरणीत डोकावून पाहिले आणि त्या सुरेख पाकात तांब्याभर पाणी ओतले.

"गुरुजी, पाक बिघडेल की."

"बिघडू दे. आवळ्यात पाणी भरपूर, बाहेर साखर दाट. साखरेला आत शिरायला वेळ लागतो, पाणी मात्र झटकन बाहेर येते. म्हणून तो आकसला. पाक पातळ ठेव, रोज थोडा आटव. बाहेर थोडी जास्त आणि आत थोडी कमी, एवढे असले की गोडी आपली आपण आत जाते. तिला ढकलावे लागत नाही." त्यांनी रिकामा तांब्या खाली ठेवला. "तू इथे आलास तेव्हा तुझे वडील नुकतेच गेले होते. मी तुला काय उपदेश केला होता, आठवतो का?"

शिष्याने पुष्कळ आठवून पाहिले. उपदेश एकही आठवेना. आठवली ती पडवी, खलबत्त्याचा आवाज, आणि शेजारी बसून मुकाट्याने पाने निवडणारे गुरुजी. तसे दिवस आपल्या वाट्याला आले होते, हे तो विसरूनच गेला होता.

त्यानंतर तो मंजूला काही सांगेनासा झाला. नुसता जवळ बसे. रोज पाक थोडा आटवी. आवळे हळूहळू पुन्हा भरू लागले.

नवव्या दिवशी त्याने एक आवळा वाटीत घालून तिच्यापुढे ठेवला. ती बराच वेळ त्याकडे पाहत राहिली. मग हळूच म्हणाली, "आई बी काढून द्यायची."

सांगण्यासारखे पुष्कळ त्याच्या ओठांवर आले. पण त्याने नुसती बी काढली आणि वाटी पुन्हा तिच्यापुढे सरकवली.