करंजाची सावली

“मग शांत बसायचं तरी कुठं, भन्ते?”

प्राचार्य रणपिसे संतापले होते. निवृत्तीनंतर श्रामणेर, म्हणजे नवदीक्षित भिक्खू, व्हायचं म्हणून ते लेण्यापाशी राहायला आले होते. परवा पौर्णिमेला दीक्षा होती. डोकं केव्हाच भादरून झालं होतं आणि दीक्षेला अंगावर घ्यायचं, त्यांच्यासाठी शिवलेलं चीवर भन्ते सुमनकीर्तींच्या झोपडीत घडी करून ठेवलं होतं.

त्यांचा राग काही खोटा नव्हता. चैत्यात सहलीची झुंबड उडाली होती. एकजण बुटासकट पाय स्तूपावर टेकवून फोटो काढून घेत होता. दुसरा आवाज घुमतो का बघायला आपल्या गावाचं नाव बोंबलत होता. वेफर्सच्या पुड्या जागच्या जागी टाकलेल्या. स्वतःच्या देव्हाऱ्यापुढे ही माणसं असं वागतील का?

भन्ते उठून चैत्यात गेले. त्या माणसाचा पाय त्यांनी स्वतः धरून खाली ठेवला. मग डोंगराच्या पलीकडच्या अंगाला, जिथं सहली पोचत नाहीत तिथं, एक अर्धवट कोरलेली खोली त्यांनी रणपिसेंना दाखवली.

दुपारी रणपिसे परत आले ते समाधानानं.

“आता शांत आहे. खाली एक बाई सारखी टकटक करत होती. उठवलं तिला.”

“कोणाला…?”

ती वडाराची तिम्मव्वा. खोलीखालच्या करंजाच्या सावलीत बसून ती पाटे-वरवंटे घडवायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना विकायची. रणपिसेंनी तिला सांगितलं की ही जागा पवित्र आहे, इथं असला खडखडाट चालणार नाही. तिनं उलट उत्तर दिलं नाही. एकेक पाटा डोक्यावर घेऊन, खेपा करत, ती गाड्या लागतात त्या उघड्या माळावर गेली. सहलीच्या टोळक्यापुढे ज्यांच्या तोंडून ब्र निघाला नव्हता, ते प्राचार्य तिच्यापुढे मात्र चांगले कडाडले होते. गरिबावर डोळे वटारायला काय लागतं?

भन्ते उठले. रणपिसेंना घेऊन ते त्या खोलीत गेले. खरंच सामसूम होती.

भन्तेंनी त्यांचा हात धरून भिंतीवर ठेवला.

“हे काय आहे?”

“टाकीचे घाव, भन्ते.” रणपिसेंना पुढचं बोलल्याशिवाय राहवेना. “टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही म्हणतात, ते काही उगाच नाही.” कॉलेजच्या प्रत्येक निरोप समारंभात ते हेच सांगत आले होते.

“आवाज होत असेल?”

“कधी?”

“हे कोरताना.”

“होणारच. पिढ्यान्‌पिढ्या काम चालायचं इथं…”

“भिक्खू कुठं राहत होते तेव्हा?”

“शेजारच्याच…” रणपिसे थांबले.

भन्ते बाहेर पडले होते. आधी ते माळावर गेले. ऊन मी म्हणत होतं. तिम्मव्वा डोक्यावर पदर ओढून काम करत होती आणि पाट्याला हात लावला तर चटका बसत होता. भन्तेंनी तिला करंजाखाली परत चला म्हणून विनवलं.

“आता न्हाई यायची, बाबा. पुन्यांदा कुनी उठवलं म्हंजे?”

भन्ते तसेच झोपडीकडे वळले. परत आले तेव्हा त्यांच्या एका हातात चार काठ्या होत्या आणि दुसऱ्या हातात ते कोरं चीवर. काठ्या रोवून ते चीवर तिच्या डोक्यावर बांधू लागले. तिम्मव्वा दचकून उठली. साधूच्या कापडाखाली आपण कसं बसायचं, म्हणाली.

“बसा, माय.”

ती बसली. थोड्या वेळानं टाकी पुन्हा वाजू लागली.

रणपिसे धापा टाकत आले आणि वर पाहतच राहिले. अपमानानं त्यांचा चेहरा लाल झाला होता.

“भन्ते, परवा पौर्णिमा… ते चीवर माझं होतं.”

भन्तेंनी शेवटची गाठ आवळली.

“झाड तिचं होतं.”