वाकलेली कावड

डोंगरमाथ्यावरच्या एका वाडीत जुना रिवाज होता. म्हाताऱ्या माणसाचं पाणी ज्यानं भरलं, त्याला ते घर जायचं. आंधळ्या यमुनाआत्याचं पाणी तिचा जावई गणोजी खालच्या झऱ्यावरून कावडीनं आणायचा. आत्याची लेक वारली, तरी त्याची खेप चुकली नाही.

पण घरावर डोळा होता आत्याच्या भाच्याचा, जयवंतराव देशमुखाचा. पंचांपुढे तो म्हणाला, "पाणी मीच वाहिलं. आत्याला आता भ्रम झालाय." खरं सगळ्यांना ठाऊक होतं, पण देशमुखापुढे बोलायला कुणी धजेना.

आत्या शांतपणे म्हणाली, "दोघांच्या कावडी आणा."

जयवंतरावानं पितळी टोकांची तुळतुळीत कावड आणवली.

"हीच का रे रोजची?"

"हीच, आत्या. इतकी वर्षं हिच्यावरच पाणी वाहिलं."

आत्यानं दोऱ्या सोडवून दोन्ही बांबू जमिनीवर ठेवायला लावले. गणोजीचा बांबू दोन टोकांवर टेकला आणि मधे कमान राहिली. आत्याचा हात तिच्याखालून आरपार गेला. जयवंतरावाच्या बांबूखाली बोटही शिरेना.

"माझा बांबू पक्का आहे," तो गुरकावला.

"भरल्या घागरींनी कुठलाही बांबू वाकतो, बाळा. उतरवल्या की सरळ होतो. वर्षानुवर्षं वाकला, की मात्र सरळ व्हायचं विसरतो. तुझ्या बांबूला सरळ राहणं अजून आठवतंय."

पंच हसले. त्यांनी घर गणोजीच्या नावावर केलं.

सगळे पांगल्यावर आत्यानं जावयाचा खांदा चाचपला. कावडीच्या ओझ्यानं तोही कायमचा खाली झुकला होता.

"लेक गेली तेव्हाच तू मोकळा झाला होतास रे. का आणत राहिलास पाणी?"

"उशीर झाला असता तर ती रागावली असती, आई," गणोजी म्हणाला.