दाबाचं पाणी आणि बहात्तर पायऱ्या

"मग कोणतं घेऊ, बुवा?"

धाकूबुवा खराट्यासाठी झावळीचे हीर काढत बसले होते. डाव्या हातात पात, उजव्या हातात सुरी. एक ओढ, एक हीर. त्यांनी मान वर केली नाही.

तोडणकरबाईंनी वही उघडली. पस्तीस वर्षं मुलींच्या शाळेत घालवलेली, त्यातली अकरा मुख्याध्यापिकेच्या खुर्चीत. वहीशिवाय बोलायचं म्हटलं की बाईंना उघड्यावर आल्यासारखं वाटे. वहीत रेघा मारून रकाने पाडले होते.

पाण्याच्या दाबानं फरशी धुणारी यंत्रं. पेट्रोलवर चालतं ते ताकदीचं, पण धूर आणि धडधड, मठात नको. विजेवरचं बरं, वायर स्वयंपाकघरातून घेता येईल. लहान यंत्र स्कूटर धुवायचं, त्यानं शेवाळाला गुदगुल्या होतील. मधलं अंगणापुरतं. मोठ्याचा दाब मधल्याच्या दीडपट. सोबत चार रंगांची चार तोंडं मिळतात. पांढऱ्यातून पाणी पसरट येतं, हिरव्यातून जरा आवळून, पिवळ्यातून आणखी, आणि लालमधून सुईसारखं. दुकानदारानं बजावलं होतं की पांढऱ्यानं सुरू करा, हातभर लांब उभ्या राहा, कुणाच्या नजरेत न येणाऱ्या कोपऱ्यात आधी करून बघा. बाईंनी ते लिहून घेतलं होतं. खाली रेघही मारली होती.

"मोठंच घ्यावं म्हणते. शेवाळ मुळापासून गेलं पाहिजे."

बुवांनी आणखी एक हीर काढला.

"पाणी कुठं जाईल?"

बाईंना वाटलं, म्हाताऱ्याला विहिरीची काळजी. त्यांनी समजावून सांगितलं की हे यंत्र बादलीनं धुण्यापेक्षा कमीच पाणी घेतं.

"ते नाही विचारलं. जाईल कुठं?"

"उतारानं. खाली."

"हं..."

एवढंच. बाईंनी तो होकार धरला. ज्याला होकार हवा असतो त्याला खोकल्यातही होकार ऐकू येतो, आणि शिकलेल्या माणसाला जरा जास्तच स्पष्ट.

मठ टेंबावर होता आणि वाडी पायथ्याशी. दोहोंमध्ये जांभ्या चिऱ्याची पाखाडी, बहात्तर पायऱ्यांची. शेवटची पायरी उतरली की माणूस थेट शेवंतीकाकीच्या घरापुढच्या खळ्यात. चाळीस वर्षं काकी रोज पहाटे परडीभर फुलं घेऊन ती पाखाडी चढत आली होती.

पावसाळ्यात चिरा साबणासारखा होतो. म्हणून मठाची एक रीत होती. ज्याची पाळी, त्यानं पहाटे उठून खराट्यानं शेवाळ खरवडायचं आणि प्रत्येक पायरीवर दोन झावळ्या आडव्या घालायच्या. पाय झावळीवर पडतो, घसरत नाही. पूर्वी पाळ्या तोंडी ठरत. निवृत्तीनंतर बाई मठात राहायला आल्या आणि त्यांनी फळा लावला, वार आणि नावं लिहिली, शिस्त आणली.

श्रावणातल्या एका पहाटे एक्केचाळिसाव्या पायरीवर काकी पडली. खुब्याचं हाड मोडलं. तालुक्याला नेऊन आत सळई घातली.

त्या पहाटे झावळ्या घातलेल्या नव्हत्या. पाळी बाईंची होती.

झोप लागली असती तर बाईंनी सांगूनही टाकलं असतं. पण त्या जाग्या होत्या. ध्यानाला बसल्या होत्या. बारा वर्षांत लागलं नव्हतं असं ध्यान त्या पहाटे लागलं होतं. साडेपाचचे ठोके त्यांना ऐकू आले. उठायला हवं, हेही कळलं. त्या उठल्या नाहीत.

संध्याकाळी फळ्यावरचं त्या वारापुढचं नाव पुसलेलं होतं. कुणी काही विचारलं नाही.

तेव्हापासून बाई पाखाडीनं उतरल्या नव्हत्या. शहरात जायचं झालं तर मागच्या रस्त्यानं रिक्षा. काकीकडे त्यांनी मोसंबी पाठवली, दोनदा शहाळी पाठवली, एकदा बसायचं उंच स्टूल पाठवलं. स्वतः गेल्या नाहीत. पायऱ्या एकदा स्वच्छ झाल्या, काकी एकदा न घसरता वर आली, की मग... मग काय, हे त्यांनी स्वतःलाही सांगितलं नव्हतं. नुसत्या थकल्या होत्या. तीन महिने एकच पायरी डोक्यात घेऊन वावरणं सोपं नसतं.

यंत्र आलं. वाडीतल्या दोघांनी ते मागच्या रस्त्यानं वर आणलं. बाईंनी पुस्तिका वाचून पाइप स्वतः जोडला, बंदुकीसारखी मूठ हातात धरली आणि आधी सिमेंटच्या टाकीवर धार मारली.

काळा थर सोलपटून गेला. खालून पांढरं सिमेंट. बाईंनी टाकीभोवती एक चक्कर मारली, मग उगाच दुसरी. कितीतरी दिवसांनी त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी उमटलं.

"बुवा, बघा."

बुवांनी बघितलं. "छान," म्हणाले, आणि हीर काढायला बसले.

दुकानदाराचा कोपरा झाला, असं बाईंनी मनाशी ठरवलं. सिमेंटवर बघितलं आणि चिऱ्यावर चालवलं. बाईंची शाळा सिमेंटची, घर सिमेंटचं. दगड म्हणजे दगड.

वरच्या पायरीपासून सुरुवात. पांढऱ्या तोंडानं शेवाळ गेलं, काळपटपणा राहिला. हिरव्यानं थोडा गेला. पिवळ्यानं आणखी थोडा. बाईंनी पदर खोचला आणि लाल तोंड लावलं.

आता पायरी बोलू लागली. काळं निघून आतून तांबडा रंग उघडा पडला, काल खाणीतून काढल्यासारखा. बाई वाकून, हातभर कुठलं, वीतभर अंतरावरून एकेक इंच धार फिरवत होत्या. दुपारपर्यंत वीस पायऱ्या. खांदा भरून आला होता, कंबर धरली होती. मठातल्या बायका जेवायला बोलवून गेल्या, बाई गेल्या नाहीत. एक्केचाळिसाव्या पायरीपर्यंत आज पोचायचंच होतं.

चार वाजता पोचल्या. त्या पायरीवर त्यांनी धार किती वेळ धरली कोण जाणे. काळेपणा गेला, तांबडं आलं, तरी धरली. तांबडं जाऊन पिवळट आलं, तरी धरली.

मग पायरीची कड ओल्या गुळासारखी सुटली आणि खाली गेली.

बाईंनी यंत्र बंद केलं. मागे वळून वर बघितलं. सकाळच्या पायऱ्या सुकत आल्या होत्या. त्यांच्यावर खड्डे पडले होते, बोट जाईल एवढे. कुठे कड नव्हती, कुठे मध्येच खाच. त्या वर चढू लागल्या तर पायाखाली भुगा करकरला.

बुवा सगळ्यात वरच्या पायरीवर येऊन बसले होते. बाई पोचल्या तशी त्यांनी दोन्ही पाय पुढे केले. गोठ्यातून आलेले पाय, टाचांना भेगा, भेगांत शेण.

"धू."

"काय?"

"पाय. यंत्र चालू कर आणि धू."

बाई थांबल्या. थट्टा असेल म्हणून तोंडाकडे बघितलं. थट्टा नव्हती.

"यानं नाही धुता येत, बुवा. कातडं निघून येईल."

"दुकानदार म्हणाला?"

"म्हणाला... वहीत आहे."

बुवांनी पाय मागे घेतले. बाजूच्या पायरीवर तळवा फिरवला आणि उलटा करून दाखवला. तळव्यावर तांबडी पूड.

"चिरा खाणीतून निघतो तेव्हा कोयत्यानं कापता येतो. मग ऊन खातो, वारा खातो. वरून कातडं धरतो. यांनी साठ वर्षं धरलं होतं."

"पण ते काळं..."

"तेच गो बाय."

बाई खाली बसल्या. खाली वाडीत कुणीतरी लाकडं फोडत होतं, त्याचा आवाज येत होता.

"बुवा, त्या दिवशी पाळी माझी होती."

"फळ्यावर होतं."

"मी पुसलं ते."

"एका वाराची जागा कोरी होती. सगळ्यांनी वाचली."

बाईंनी पाठ ताठ केली. मुख्याध्यापिकेला ही सवय असते.

"मी ध्यानाला बसले होते."

"कसं लागलं होतं?"

बाईंनी चमकून त्यांच्याकडे बघितलं.

"विचारतोय. कसं लागलं होतं?"

"फार छान," बाई म्हणाल्या, आणि पदर तोंडाला लावला.

"हं..."

तेवढ्यात पाखाडीवरून काकीची सून वनिता वर येताना दिसली. साडी गुडघ्यापर्यंत धरलेली, एक हात भिंतीला, दर पायरीला थांबत. पोटऱ्या तांबड्या चिखलानं माखल्या होत्या. वर आली, बुवांना नमस्कार केला आणि बाईंकडे वळली. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बाईंना सोपं गेलं असतं.

ती म्हणाली की पाऊस गेल्यावर त्यांनी नवं खळं केलं होतं. माती घालून, चोपून, काल शेणानं सारवलं होतं. सासूला तीन महिन्यांनी आज पहिल्यांदा बाहेर आणून खुर्चीत बसवलं होतं. आणि दुपारपासून वरून तांबडं पाणी यायला लागलं. आधी वाटलं थोडंसं आहे, मग थांबेचना. खळ्यात घोटाभर रेंदा साचला. सासूला पुन्हा उचलून पडवीत न्यावं लागलं.

"सासू ओरडली का?" बुवांनी विचारलं.

"नाही हो. ती काय ओरडते. म्हणाली, वर कोण एवढं धुतंय ते बघून ये."

वनितानं हे सांगितलं, पाणी प्यायली आणि मागच्या रस्त्यानं गेली. पाखाडीनं पुन्हा उतरायची तिची छाती झाली नाही.

बाई उठल्या. यंत्राचा पाइप गुंडाळायला घेतला, सोडून दिला. चारही तोंडं डबीत भरायला घेतली, डबी तशीच ठेवली. मग गोठ्यात गेल्या आणि शेणाची पाटी भरून आणली. ती कमरेवर घेऊन पाखाडीच्या तोंडाशी उभ्या राहिल्या.

"मी जाते, बुवा. खळं सारवून देते."

बुवांनी दिवसभर काढलेल्या हिरांचा जुडगा पायाशी ठोकून सारखा केला, काथ्यानं आवळून बांधला आणि तो नवा खराटा बाईंच्या पाटीत आडवा ठेवला.

बाई तरीही उभ्याच. खाली एक्केचाळिसावी पायरी दिसत होती, कड तुटलेली. त्याखाली एकतीस पायऱ्या, सगळ्या गाळानं बुळबुळीत झालेल्या. सगळ्यात खाली एक कौलारू पडवी. पडवीत कुणीतरी खुर्चीवर बसून वर बघत होतं.

"मागच्या रस्त्यानं जाऊ का?"

बुवांनी सुरीचं पातं पुसलं.

"त्यांनी विचारलं तर काय सांगू?"

बुवांनी मांडीवरचा पाचोळा झटकला.

बाईंनी एक पाय पहिल्या पायरीवर ठेवला. भुगा सरकला. पाय मागे आला.

"बुवा, सगळी पाखाडी निसरडी झालीय. घसरले तर?"

बुवांनी नवी झावळी मांडीवर ओढली. सुरी लावली.

"घसरलीस तर काकीच्याच दारात पोचशील."