एकेचाळीस पावलांचे ठसे

फार मागची गोष्ट. नदीला पूल नव्हता, तेव्हा एक रेडा जनावरांना पाठीवर घेऊन पैलतीरी न्यायचा. तो उभाच राहायचा. ज्याला उडी मारून चढता येई, तो जाई.

"रेडेदादा, जरा खाली बसा की," लंगडी शेळी म्हणाली.

"पैलतीरच्या सांबरपाटलांचा हुकूम आण."

शेळी दारोदार फिरली. म्हातारी हरणी, आंधळं साळिंदर, अशा एकेचाळीस जणांच्या पावलांचे ठसे तिने मातीच्या ओल्या पाटीवर घेतले आणि सशाकरवी पलीकडे पाटलांकडे धाडले. ससा उत्तर घेऊन आला : तक्रारदारांनी उद्या पैलतीरी समक्ष हजर राहावं.

दुसऱ्या दिवशी दुपारी सांबरपाटलांनी रेड्यादेखत निकाल दिला. "कुणीच आलं नाही. म्हणजे अडचण कुणालाच नाही."

रवंथ करता करता रेड्याचं तोंड थांबलं. तो तसाच माघारी आला. अलीकडच्या काठावर एकेचाळीस जण सकाळपासून तिष्ठत उभे होते. रेडा एकेकाकडे बघत राहिला.

"एवढे जण आहात तुम्ही?"

"पहिल्यापासून आहोत," शेळी म्हणाली.

रेड्याने चिखलात गुडघे टेकले. त्याला मान वर करवेना.

"मला वाटायचं," तो म्हणाला, "तुम्हाला कुठं जायचंच नसतं."