धनगरीण आणि तेलाचा व्यापारी

फार पूर्वी एका डोंगराळ गावाची निम्मी जमीन अडकून पडली, आणि त्याला जबाबदार होता गावचा पाटील. व्यापारी तर व्यापार करायलाच आला होता. चार प्रश्न विचारायचं काम पाटलाचं होतं आणि त्यानं ते केलं नाही.

त्या मुलखात जमीन ज्याची, जमिनीच्या पोटातलंही त्याचंच, असा कायदा होता. गावाखाली दिव्यात जळणारं तेल आहे अशी खबर लागली आणि शहरातून एक व्यापारी आला. "मला जमिनी भाडेपट्ट्यानं द्या. मी खोदतो. निघेल त्या तेलात आठवा हिस्सा तुमचा," असं म्हणून त्यानं पाटलाच्या ओसरीवर लांबलचक कागद उलगडला.

पाटलाला त्यातलं अर्धंही कळलं नाही. पण सगळ्या गावासमोर पाहुण्याला "हे काय लिहिलंय?" असं विचारायचं म्हणजे मिशी खाली येणार! शिवाय त्या गावात कुठलाही पट्टा पाडव्याला सुरू व्हायचा आणि पुढच्या पाडव्याला संपायचा. कागदातही तेच असणार, असं त्यानं मनाशी धरलं आणि आपली आमराई लिहून दिली. मागोमाग बाकीच्या म्हाताऱ्यांनी सह्या ठोकल्या. वाचलं एकानंही नाही. माना मात्र वाचल्यासारख्या डोलावल्या.

राहिली एक धनगरीण, ठकू. तिचा माळ गावाच्या कडेला होता आणि त्यात एकच झरा. उन्हाळाभर तिच्या दोनशे मेंढ्या त्या झऱ्यावर तगायच्या. झरा गेला असता तर कळप गेला असता.

ठकूला एक काम पक्कं यायचं. खतासाठी शेतकरी आपल्या रानात मेंढ्या बसवायला बोलवायचे, आणि बोलणी तीच करायची. किती रात्री बसायचं, धान्य कुठल्या मापानं मिळणार, पाणी कुणाचं, उठताना रान कुणी साफ करायचं. हे ठरल्याशिवाय तिनं कधी एक मेंढी कुणाच्या बांधाआत घातली नव्हती.

व्यापाऱ्यालाही तिनं तेच विचारलं.

"शेट, किती दिवस बसणार?"

"तेल येत राहील तोवर, बाई. किंवा येईल असं मला वाटेल तोवर."

"आणि माझा हिस्सा मोजणार कुठं?"

"शहरात. वाहतूक, हमाली, पिंपं, सगळं वजा करून."

"म्हणजे तुम्ही जेवून हात धुणार, मग मला वाढणार."

ओसरीवरची पोरं खो खो हसली. पाटील तापला.

"ठके, इथं मेंढ्या बसवायच्या नाहीत! थोरांनी सह्या केल्यात. गावाचा शब्द गेलाय."

"तात्या, कागद वाचला का तुम्ही?"

पाटील मिशीला पीळ देत बसला.

"मग तुमच्या भरवशावर मेंढ्यांचं पाणी सोडू होय?"

व्यापारी गोड आवाजात म्हणाला, "आज सही केलीस तर आठवा हिस्सा. उद्या दहावा."

"तेल कधीपासून खाली पडलंय, शेट?"

"लाखो वर्षं."

"मग आणखी आठ दिवस पडू द्या की."

कागद घेऊन ती पाच कोस चालली आणि परगावच्या एका लेखनिकाकडून तो शब्दन् शब्द वाचून घेतला. व्यापाऱ्यानं सुचवलेल्या लेखनिकाच्या दारात ती गेलीसुद्धा नाही. सगळ्यात जास्त तेल तिच्याच माळाखाली आहे, हे व्यापाऱ्याला माहीत होतं. म्हणूनच दहाव्या हिश्श्याची धमकी गिळून तो नवव्या दिवशी तिच्या दारात हजर झाला.

ठकूनं अटी सांगितल्या. दोन पाडव्यांच्या आत खोदलं नाही तर माळ मोकळा. तेल विहिरीच्या तोंडाशीच मोजायचं, खर्च कापायच्या आधी. झऱ्यापासून पाचशे पावलं लांब राहायचं. जाताना खड्डा बुजवायचा. आणि तोंडानं जे जे कबूल केलं, ते सगळं कागदावर.

व्यापारी कुरकुरला, चरफडला, आणि सही करून मोकळा झाला.

पाडवा आला. ओसरीवरचं बोलणं पाटलानं ठकूपुरतंच धरलं होतं, तो रुबाबात आमराईत गेला. तिथं एक कुदळही पडली नव्हती. नुसती पिंपं रचलेली, आणि झाडं तोडून गाड्यांची वाट केलेली.

"चला, उचला सामान. वर्ष संपलं," पाटील म्हणाला.

व्यापाऱ्याच्या मुनिमानं कागद पुढे धरला. "यात पाडवा कुठाय, पाटील? इथं तेल येईल असं शेटना अजून वाटतंय."

ठकूच्या माळावर मात्र तेल असं उसळलं की सगळा गाव बघायला धावला! तिचा आठवा हिस्सा रोज तिच्या डोळ्यांदेखत तिच्या पिंपात पडला. झरा नितळ राहिला. पाच वर्षांनी व्यापारी तिच्या माळावरून गेला तो खड्डा बुजवून गेला, आणि पुढच्या पावसात तिथं गुडघाभर गवत आलं. दोनशेच्या चारशे मेंढ्या झाल्या. पुढे त्या मुलखात कुणाला जमीन पट्ट्यानं द्यायची असली, की आधी ठकूला बोलावणं जाई. ओसरीवरच्या म्हाताऱ्यांना कुणी विचारीना.

तात्पर्य: आपली जमीन किती दिवस, कुठल्या मापानं आणि कुठल्या अटींवर देतोय, हे कागदात दिसल्याशिवाय सही करू नका. थोरांनी केली म्हणून तर मुळीच करू नका.

तेल येईल असं व्यापाऱ्याला वाटतच राहिलं, आणि पाटलाची चाळीस झाडांची आमराई गेली. मरेपर्यंत त्याला तिथली एक कैरीही मिळाली नाही.