कमान बसली
पुष्कळ वर्षांपूर्वी एका रुंद नदीवर पूल उभा राहत होता. कमानीच्या माथ्यावरचा शेवटचा, कळीचा दगड कालच घातला होता. खालून आंब्याचे वासे साऱ्या दगडांना तोलून धरत होते. पूल पाहायला काठावर जत्रेसारखी गर्दी जमली.

सटवाजी मिस्त्रीने हाक दिली, "वाशांखालच्या पाचरी हळूहळू काढा रे! आज कमान बसली पाहिजे."

कळीच्या दगडाचं धाबं दणाणलं. तो खालच्या वाशाला म्हणाला, "ऐकलंस ना दादा? गेल्या साली देवळाची भिंत बसली, तिचे दगड अजून ओढ्यात पडलेत. तू हलू नकोस."

"वेड्या, मी लाकूड. पहिल्या पुरात वाहून जाईन," वासा म्हणाला. "शेजाऱ्यांवर कधी रेलून पाहिलंस का?"

"त्यांच्यावर? तो डावीकडचा तर कालपासून मला 'माथ्यावरचे सरदार' म्हणून चिडवतोय!"

"रेलून तर बघ."

पाचर निघाली. वासा खाली गेला, त्याच्यामागे दगडही बोटभर घसरला, आणि दोन्ही बाजूंचे दगड त्याला घट्ट भिडले.

"रेला, सरदार, रेला," डावीकडचा म्हणाला. "आम्ही आहोत."

"बसली!" सटवाजी ओरडला. काठावर ढोल वाजू लागले.

संध्याकाळी पुलावरून पहिला हत्ती निघाला. खाली वाळूत पंगतीसाठी चुली पेटल्या होत्या. धुराला आंब्याच्या लाकडाचा वास होता. कळीच्या दगडाला वाकून वाशाला शोधावंसं वाटलं. पण हत्ती अजून पुलावर होता.